जहाजाचे विस्थापन

जहाजाचे विस्थापन म्हणजे तरंगत्या जहाजाने आपल्या जागेवरून बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार हे वजन जहाज, त्यावरील माल, इंधन, पाणी आणि माणसे यांच्या एकूण वजनाइतकेच असते. म्हणून विस्थापनाचा आकडा हा प्रत्यक्षात जहाजाच्या वजनाचा आकडा असतो व तो टनांत देतात. जहाजाचा पाण्यात बसणारा मूळ सांगाडा, म्हणजेच हल, आखताना सर्वप्रथम विस्थापनाचा अंदाज बांधावा लागतो. जहाज तरंगेल की नाही हे विस्थापनावरून कळते. ते सरळ तरंगेल की कुशीवर कलेल हे मात्र हलचा आकार आणि वजनाची मांडणी यांवर ठरते. या दोन प्रश्नांतील फरक मुंबई बंदराच्या परिसरात अनेकदा प्राणहानी होऊन समोर आला आहे.

मूळ तत्त्व

पाण्यात बुडालेल्या वस्तूवर पाणी खालून वर जे बल लावते त्याला प्लावक बल म्हणतात. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे पावणेआठ पट असूनही पोलादी जहाज तरंगते, कारण हल आतून पोकळ असतो आणि त्याच्या पाण्याखालच्या भागाचे आकारमान मोठे असते. जहाजात वजन वाढले की ते अधिक पाणी बाजूला सरेपर्यंत खाली बसते. पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंतच्या खोलीला डूब म्हणतात. पाण्याच्या पातळीपासून मुख्य डेकपर्यंत जी कोरडी उंची शिल्लक राहते तिला फ्रीबोर्ड म्हणतात.

विस्थापनाचे दोन आकडे नेहमी वापरात येतात. माल, इंधन व खलाशी यांच्याविना असलेल्या जहाजाचे ते रिक्त विस्थापन आणि परवानगी असलेल्या कमाल डुबीपर्यंत भरलेल्या जहाजाचे ते पूर्णभार विस्थापन. या दोहोंतील फरक म्हणजे जहाजाची वहनक्षमता, अर्थात डेडवेट.

गणनेच्या पद्धती

सर्वांत सोपे उदाहरण चौकोनी पेटीसारख्या तराफ्याचे आहे. ६० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि २.५ मीटर डूब असलेला तराफा ६० × १२ × २.५ = १,८०० घनमीटर पाणी बाजूला सारतो. समुद्राच्या पाण्याची घनता सामान्यतः घनमीटरला १.०२५ टन धरतात. त्यामुळे विस्थापन १,८०० × १.०२५ = १,८४५ टन येते. या लेखात पुढेही हाच तराफा उदाहरणासाठी घेतला आहे.

प्रत्यक्षातील हल पेटीसारखा नसतो. तो नाळेकडे आणि मागच्या टोकाकडे निमुळता होत जातो. म्हणून लांबी, रुंदी व डूब यांच्या गुणाकाराला एका गुणांकाने गुणतात. हल आपल्या भोवतीच्या काल्पनिक पेटीचा किती भाग व्यापतो हे सांगणाऱ्या या संख्येला ब्लॉक गुणांक म्हणतात. तेलवाहू जहाजांत तो साधारण ०.८० ते ०.८५ असतो, वेगवान विनाशिकांत ०.५ च्या आसपास, तर शिडाच्या शर्यतीच्या नौकांत त्याहूनही कमी असतो. येथे लांबी-रुंदी पाण्याच्या पातळीवर मोजावी लागते. विमानवाहू ‘विक्रांत’ची रुंदी ६२ मीटर अशी दिली जाते, पण ती उड्डाणपट्टीची रुंदी आहे. पाण्याच्या पातळीवरचा हल त्याहून बराच अरुंद असल्याने हा आकडा सूत्रात घातल्यास उत्तर भलतेच मोठे येते.

ब्लॉक गुणांकाची पद्धत आराखड्याच्या पहिल्या टप्प्यापुरती उपयोगी आहे. अचूक उत्तरासाठी हलचे आडवे छेद घेऊन प्रत्येक छेदाचे पाण्याखालील क्षेत्रफळ मोजतात आणि सिम्पसनच्या नियमाने त्यांची बेरीज करतात. पाणरेषेवर १२ मीटर लांब असलेल्या एखाद्या मचव्याचे दर ३ मीटरवर पाच छेद घेतले आणि त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे ०, १.८, २.६, २.० व ०.२ चौरस मीटर आली असे समजू. नियमानुसार पहिल्या व शेवटच्या क्षेत्रफळाला १ ने, दुसऱ्या व चौथ्याला ४ ने आणि मधल्याला २ ने गुणून बेरीज करायची व तिला छेदांमधील अंतराच्या एकतृतीयांशाने गुणायचे. बेरीज ० + ७.२ + ५.२ + ८.० + ०.२ = २०.६ होते. अंतराचा एकतृतीयांश १ मीटर असल्यामुळे आकारमान २०.६ घनमीटर आणि विस्थापन सुमारे २१.१ टन येते. संगणक आल्यापासून ही आकडेमोड हाताने करावी लागत नाही, तरी नौकास्थापत्याच्या विद्यार्थ्यांकडून ती अजूनही करून घेतात. हलचा कोणता भाग किती भार उचलतो हे हाताने बेरीज करतानाच उमगते.

विस्थापन दोन बाजूंनी जुळवावे लागते. एका बाजूला आकारमानावरून काढलेले विस्थापन आणि दुसऱ्या बाजूला पोलाद, यंत्रे, दंतचक्रपेट्या, केबल, रंग, सामान यांच्या वजनांची यादी असते. बांधणी चालू असताना यादीतील वजने वाढत जाण्याचाच कल असतो. म्हणून आराखड्यात आरंभीच थोडे वजन राखीव धरतात.

डूबखुणा आणि पाण्याची घनता

तराफ्याच्या पाणरेषेवरील क्षेत्रफळ ६० × १२ = ७२० चौरस मीटर आहे. तो एक सेंटिमीटर अधिक बुडवण्यासाठी ७२० × ०.०१ × १.०२५, म्हणजे सुमारे ७.४ टन भार लागतो. दर सेंटिमीटरमागे लागणारा हा भार माहीत असला की डुबीतील फरकावरून चढवलेल्या मालाचे वजन काढता येते. कोळसा व लोहखनिज यांसारखा सुटा माल बंदरात याच रीतीने मोजतात. जहाजाच्या दोन्ही बाजूंना, पुढे, मध्ये व मागे कोरलेल्या खुणा वाचल्या जातात, पाण्याची घनता तपासली जाते आणि तक्त्यावरून मिळालेल्या विस्थापनातून रिक्त जहाज, इंधन व भारपाणी वजा केले जाते.

घनता तपासणे आवश्यक असते, कारण गोड्या पाण्यात जहाज अधिक बुडते. वरील तराफा १,८४५ टनच राहिला, तर गोड्या पाण्यात त्याची डूब १,८४५ ÷ ७२० = २.५६ मीटर होईल. म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटरची वाढ. गोव्यात मांडवी व जुवारी नद्यांतून मुरगाव बंदराकडे लोहखनिज नेणाऱ्या बार्जना हा फरक एकाच फेरीत अनुभवास येतो. लोहखनिज घनमीटरला दोन टनांहून अधिक भरत असल्याने बार्जचे पोट अर्धे रिकामे दिसत असतानाच ती पूर्ण डुबीला पोहोचलेली असते. जागा उरली आहे म्हणून माल चढवता येत नाही, हे अशा बार्जवर विशेष स्पष्ट दिसते.

कमाल डूब दाखवणारी, आडव्या रेषेने छेदलेल्या वर्तुळाची खूण जहाजाच्या मध्यभागी रंगवलेली असते. ब्रिटिश संसद सदस्य सॅम्युएल प्लिमसोल यांनी अतिभारित जहाजांविरुद्ध केलेल्या चळवळीतून १८७६ च्या कायद्याने ती ब्रिटिश जहाजांना लागू झाली. पुढे १९३० व १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारांनी ती सर्वत्र रूढ केली. वर्तुळाशेजारच्या शिडीसारख्या रेषा उष्ण कटिबंध, उन्हाळा, हिवाळा व गोडे पाणी यांसाठी वेगवेगळी मर्यादा दाखवतात.

टनभार आणि विस्थापन

या दोन मापांची गल्लत वृत्तपत्रांतच नव्हे, तर इतिहासाच्या पुस्तकांतही आढळते. नोंदणीचा टनभार हे जहाजातील बंदिस्त जागेचे माप आहे, वजनाचे नव्हे. बंदराचे शुल्क आणि नियमांची वर्गवारी त्यावरून ठरते. वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्याचा सुमारे ५,९०० टन हा आकडा असा नोंदणी टनभार आहे. याउलट माझगाव गोदीत बांधलेल्या १६३ मीटर लांबीच्या ‘विशाखापट्टणम’ या विनाशिकेचे ७,४०० टन हे विस्थापन आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणते जहाज किती मोठे हे ठरवता येत नाही.

हलचा आकार आणि वेग

एकाच विस्थापनाचा हल लांब व अरुंद किंवा आखूड व रुंद करता येतो. पाणी कापत जाताना हल लाटा उठवतो आणि वेग वाढला की या लाटांसाठी खर्ची पडणारी शक्ती झपाट्याने वाढते. विस्थापनावर तरंगणाऱ्या नौकेची व्यवहार्य वेगमर्यादा पाणरेषेवरील लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. लांबी मीटरमध्ये घेतल्यास वर्गमुळाला सुमारे २.४ ने गुणून ती ताशी सागरी मैलांत, म्हणजे नॉटमध्ये मिळते. वरील १२ मीटरच्या मचव्यासाठी ती ८ नॉटच्या थोडी वर येते. इंजिन दुप्पट शक्तीचे बसवले तरी वेगात फारशी भर पडत नाही. लांब हल वेगाला अनुकूल असतो, मात्र तो अरुंद झाल्यास स्थिरता गमावतो.

स्थिरता

जहाजाचे वजन त्याच्या गुरुत्वमध्यातून खाली, तर प्लावक बल पाण्याखालील आकारमानाच्या मध्यातून, म्हणजे प्लावन केंद्रातून वर कार्य करते. जहाज कलले की पाण्याखालील भागाचा आकार बदलतो आणि प्लावन केंद्र कललेल्या बाजूकडे सरकते. त्यातून वर काढलेली उभी रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जेथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. हा बिंदू गुरुत्वमध्याच्या वर असेल तर जहाज सावरते. खाली असेल तर ते आणखी कलते. दोन्ही बिंदूंमधील अंतराला मेटासेंटर-उंची म्हणतात.

पेटीसारख्या तराफ्यासाठी हे गणित सोपे आहे. प्लावन केंद्र डुबीच्या निम्म्यावर, म्हणजे तळापासून १.२५ मीटरवर असते. तेथून मेटासेंटरपर्यंतचे अंतर काढण्यासाठी लांबीला रुंदीच्या घनाने गुणून १२ ने भागायचे आणि आलेल्या संख्येला आकारमानाने भागायचे. ६० × १,७२८ ÷ १२ = ८,६४० आणि ८,६४० ÷ १,८०० = ४.८ मीटर. मेटासेंटर तळापासून ६.०५ मीटरवर आले. गुरुत्वमध्य ५ मीटरवर असेल तर मेटासेंटर-उंची १.०५ मीटर होते आणि तराफा स्थिर राहतो.

आता तराफ्याची रुंदी १० मीटर व लांबी ७२ मीटर केली असे समजू. डूब २.५ मीटरच राहते, आकारमान १,८०० घनमीटरच राहते आणि विस्थापनही १,८४५ टनच राहते. परंतु प्लावन केंद्रापासून मेटासेंटरचे अंतर ७२ × १,००० ÷ १२ ÷ १,८०० = ३.३३ मीटर होते, म्हणजे मेटासेंटर तळापासून ४.५८ मीटरवर उतरते. गुरुत्वमध्य पूर्वीप्रमाणे ५ मीटरवर असल्यास मेटासेंटर त्याच्या खाली गेले आणि हा तराफा सरळ उभा राहू शकत नाही. रुंदीचा घन सूत्रात असल्यामुळे दोन मीटरची काटछाट एवढी महागात पडते.

दुसरा धोका जहाजात मोकळ्या फिरणाऱ्या पाण्याचा असतो. पहिल्या, १२ मीटर रुंद तराफ्यात १० मीटर लांबीच्या, संपूर्ण रुंदीच्या एका कप्प्यात पाणी शिरले आणि ते धरून एकूण आकारमान १,८०० घनमीटर आहे असे मानू. जहाज कलले की हे पाणी खालच्या बाजूकडे धावते. त्यामुळे मेटासेंटर-उंचीत १० × १,७२८ ÷ १२ ÷ १,८०० = ०.८ मीटरची घट येते, १.०५ मीटरपैकी केवळ ०.२५ मीटर उरते. येथे पाण्याचे वजन गौण आहे, त्याचा मोकळा पृष्ठभाग हानी करतो. कप्प्याच्या मधोमध एक उभी भिंत घातली तर ही घट ०.२ मीटरवर येते, म्हणजे एकचतुर्थांश होते. टाक्यांत आडवेउभे पडदे असतात ते यासाठीच. टाकी काठोकाठ भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवण्याचा प्रघातही याच कारणाने पडला.

तिसरा धोका माणसांच्या हालचालीचा. सरासरी ६० किलो वजनाचे ६०० प्रवासी, म्हणजे ३६ टन, तराफ्यावर ४ मीटर एका बाजूला सरकले, तर १.०५ मीटर मेटासेंटर-उंची असताना तो सुमारे ४ अंश कलतो. तीच उंची ०.२५ मीटर उरली असेल तर कल सुमारे १७ अंशांवर जातो. त्यानंतर डेकची कड पाण्याखाली गेल्यास पाणी आत येऊ लागते.

मुंबई बंदराच्या परिसरातील दुर्घटना

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट ऐन पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लाटेने बोट कलताच प्रवासी एका बाजूला धावले, असे या दुर्घटनेच्या वृत्तांतांत येते. कोकणातील अनेक गावांत ही आठवण अद्याप सांगितली जाते.

३० जानेवारी २०११ रोजी ‘विंध्यगिरी’ या युद्धनौकेची मुंबई बंदराच्या तोंडाशी एका व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन तिला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालगत बुडाली. २१ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘ब्रह्मपुत्र’ला आग लागली, आग आटोक्यात आल्यावर दुसऱ्या दिवशी नौका एका बाजूला कलत गेली आणि कुशीवर विसावली. त्यात एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. जहाजावरील आग विझवताना आत ओतलेले पाणी वेळीच बाहेर काढणे हा अग्निशमनाचाच भाग मानतात, त्याचे कारण वर दिलेल्या मोकळ्या पृष्ठभागाच्या गणितात आहे.

५ डिसेंबर २०१६ रोजी त्याच वर्गातील ‘बेतवा’ ही सुमारे ३,८५० टनांची युद्धनौका कोरड्या गोदीतून बाहेर काढली जात असताना कुशीवर पडली. दोन नौसैनिक मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. गोदीतील आधारठोकळ्यांची यंत्रणा निकामी झाल्याचा प्राथमिक निष्कर्ष नौदलाने तेव्हा सांगितला होता. गोदीत पाणी भरताना किंवा उपसताना येणारा हा टप्पा सर्वच जहाजांसाठी नाजूक असतो. जहाजाचे काही वजन ठोकळ्यांवर आणि उरलेले पाण्यावर असते. ठोकळ्यांचा तळाशी लागणारा जोर हा तळातून तेवढे वजन काढून घेतल्यासारखा परिणाम करतो, त्यामुळे गुरुत्वमध्य जणू वर चढतो आणि मेटासेंटर-उंची घटते. म्हणून गोदीत आणण्यापूर्वी व बाहेर काढण्यापूर्वी त्या दिवशीच्या प्रत्यक्ष वजनांवरून स्थिरतेची आकडेमोड नव्याने करावी लागते. ‘बेतवा’ फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा सरळ उभी करण्यात आली.

कोकणातील परंपरा

मराठा आरमारातील गुराब, गलबत, पाल इत्यादी जहाजे वहनक्षमतेवरून, म्हणजे किती खंडी माल मावतो यावरून ओळखली जात. विजयदुर्गजवळ आरमारी गोदीचे अवशेष आजही आहेत. तेथील बांधणी कागदावरील आराखड्याऐवजी कारागिरांच्या नजरेवर आणि पठाण, वांक व नाळ यांच्या ठरलेल्या प्रमाणांवर चालत असे. पठाण हा जहाजाचा तळातील कणा आणि वांक या त्याच्या बरगड्या. रिकाम्या गलबतात तळाशी दगड-वाळूचे निरम भरण्याची रीत गुरुत्वमध्य खाली ठेवण्यासाठी होती. आधुनिक जहाजांत हे काम भारपाणी करते. शिडाच्या नौकेत वाऱ्याचा जोर उंचावर लागत असल्याने निरमाचे महत्त्व अधिक असते. गोव्यात दिवाडी येथे बांधलेली आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेसाठी वापरलेली ‘म्हादेई’ खोल व वजनदार पठाणावर तोल राखते.

पुणे परिसरातील संस्था

समुद्र नसलेल्या पुण्याचा या विषयाशी संबंध खडकवासल्यामुळे आला. तेथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सिंचनविषयक कामासाठी झाली. पुढे बंदरांच्या प्रतिकृतींबरोबरच जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहण्याची लांब टाकीही तेथे वापरात आली.

प्रतिकृतीवरील प्रयोगाचा पाया इंग्लंडमधील विल्यम फ्राउड यांनी १८७० च्या दशकात घातला. प्रतिकृती लांबीने २५ पट लहान असेल तर तिचा वेग २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे पाच पट कमी ठेवावा लागतो. तेव्हाच तिच्या लाटांचा आकार मूळ जहाजासारखा होतो. विस्थापन मात्र २५ च्या घनाने, १५,६२५ पट कमी होते. वरील ६० मीटरच्या तराफ्याची प्रतिकृती २.४ मीटर लांब असेल, आणि टाकीतील गोड्या पाण्यात योग्य डुबीला बसण्यासाठी तिचे वजन सुमारे ११५ किलो ठेवावे लागेल. समुद्रात १० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.१ मीटर जाणाऱ्या तराफ्यासाठी तिला सेकंदाला एक मीटरच्या किंचित अधिक वेगाने ओढतात. पाण्याच्या घर्षणाला हे प्रमाण लागू पडत नाही. ते वेगळे काढून नंतर मिळवावे लागते.

खडकवासल्याच्याच जलाशयावर, पीकॉक बे येथे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या नौका चालवण्यास शिकतात. पुणे जिल्ह्यातील लोणावळा येथे १९४५ पासून असलेल्या ‘शिवाजी’ या नौदल तळावर सागरी अभियांत्रिकीबरोबर जहाजात शिरलेले पाणी व आग यांवर नियंत्रण मिळवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. तळेगावजवळ इंदुरी व पुण्याजवळ लोणी काळभोर येथील सागरी शिक्षणसंस्थांत व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडवले जातात. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे युद्धनौकांसाठी दंतचक्रपेट्या तयार झाल्या आहेत.